धुतलेला खिमा

माझ्या सासूबाईंचे सगळे दात गेले, तरी मटणाची पळी काही त्यांच्या हातातून गेली नाही. दर रविवारी टोप त्यांच्यासमोर जायचा आणि कुणाच्या ताटात काय पडायचं ते त्याच ठरवायच्या. स्वतःला चावता येत नाहीत असे तुकडे दुसऱ्यांना वाढताना माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी दोनेक वर्षं अगदी समोरून पाहिलं. मला ते बघायला आवडायचं. खोटं कशाला बोलू, रविवारची मी त्यासाठी वाट बघायचे.

आमचं घर लालबागचं. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे चाळ होती, आता त्याच जागी टॉवर आहे आणि आम्ही अकराव्या मजल्यावर राहतो. चाळीत स्वयंपाकघरातच जमिनीवर पंगत बसायची. सासूबाई टोपाला खेटून बसायच्या आणि पळी टोपात फिरवून, वर काढून, बघून, पुन्हा बुडवून एकेक तुकडा निवडायच्या. पहिले सासरे. त्यांना नळी आणि काळीज. ते गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडून जमाना झाला, पण नळीवरचा त्यांचा हक्क चालूच राहिला. मग माझा नवरा, त्याला बरगडीचा चाप. मग नणंद, तिला मांडीचे मऊ तुकडे, कारण ती बिचारी उद्या परक्याच्या घरी जाणार. मी आधीच परक्याच्या घरी आलेली होते, त्यामुळे माझा विचार करायचं काही कारण नव्हतं.

सगळे उठले की आम्ही दोघी बसायचो. तोवर टोपात रस्सा उरलेला असायचा, बटाटे असायचे आणि एखादं मानेचं हाड. सासूबाईंचे दोन चांगले तुकडे आधीच वाटीत काढून फडताळात झाकलेले असायचे. माझ्या ताटात बटाटा टाकताना त्या मला समजावायच्या की मटणाची खरी ताकद रश्शात उतरते. ती ताकद त्यांनी स्वतः कधी घेतली नाही. नवऱ्याच्या ताटात जेवायची पद्धत होती, म्हणून पहिली काही वर्षं मी आशेनं त्याचं ताट पुढे ओढायचे. त्याला कधी नळी मिळालीच, तर ती त्यानं अशी चोखलेली असायची की डोळ्याला लावून पलीकडचं बघावं. माणूस वाईट नाही. मागे कुणी जेवायचं आहे हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नाही, आणि मला विचाराल तर हा वाईटपणाचाच एक आळशी प्रकार आहे.

माझं माहेर घोडपदेवचं. तिथेही चाळच, तिथेही मालवणीच बोलणं, मटणही तेच. पण माझ्या आईची एक रीत होती. मटण शिजत आलं की पहिला तुकडा वाटीत काढायची, त्यावर फुंकर घालायची आणि मला म्हणायची, मीठ बघ. मीठ तिला नुसत्या वासावरून कळायचं. बघायला मी लागत नव्हतेच. तो तुकडा माझा होता एवढंच, आणि तो मला मागून घ्यावा लागू नये म्हणून तिनं मिठाचं निमित्त काढलेलं होतं. सासरी मीठ सासूबाई स्वतः बघायच्या, तळहातावर रस्सा घेऊन.

मुलीच्या वेळी मला दिवस गेले तेव्हा नळीचे डोहाळे लागले. नवऱ्यानं धीर करून ते आईच्या कानावर घातलं. त्या रविवारी नेमकी नणंद माहेरपणाला आली होती. सासूबाईंनी नळी तिच्या ताटात ठेवली आणि मला सांगितलं, गरोदर बाईनं नळी खाल्ली तर पोराची मान धरत नाही. पुढे नणंदेला दिवस गेले, तेव्हा तिच्यासाठी खाटकाकडून खास वेगळ्या नळ्या आल्या. तिच्या पोराची मान चांगली ताठ आहे. मी दर वेळी त्याला भेटले की आधी मानेकडे बघते.

लोकांना वाटेल की मी कुणी गरीब गाय असेन. तसं काही नाही. दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात मी नोकरी करते आणि भांडायला आलेले पालक मला बघून आवाज खाली आणतात. घरीही मी बाकी कशाला ऐकून घेत नाही. पण तो टोप समोर आला की माझी वाचा बसायची. खाण्यावरून भांडणं म्हणजे हावरटपणा, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, आणि सासूबाईंना ते पक्कं ठाऊक होतं. कपड्यालत्त्यावरून, सणावारावरून त्यांनी मला छळलं असतं तर मी एका वर्षात त्यांना सरळ केलं असतं. त्यांनी मला बटाट्यावर मारलं.

टॉवरमध्ये आलो तेव्हा सासरे नव्हते. जेवणाचं टेबल आलं, सहा खुर्च्यांचं. मला वाटलं, चला, जमीन सुटली तशी पंगतही सुटली. मुलगी नोकरीसाठी बंगळूरला, घरात आम्ही तिघंच, खुर्च्या ओस पडलेल्या. पण रविवारी नवरा बसायचा, सासूबाई पळी घेऊन बसायच्या आणि मी गॅसपाशी वडे तळत उभी. गरम वाढायला कुणीतरी नको का? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे, असं मला लग्नात एका मावशीनं सांगितलं होतं. सासूचे चार दिवस किती लांबतात ते तिनं सांगितलं नव्हतं.

मग त्यांचे दात पडायला लागले आणि उरलेले डॉक्टरनं काढले. कवळी केली, ती हिरड्यांना लागायची, म्हणून ती स्टीलच्या वाटीत पाण्यात पडून असायची. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, म्हणतात. सासूबाईंकडे जन्मभर दोन्ही होतं, तेव्हा एक गेलं तर मी रडले नाही. दर रविवारी त्या रश्शात पाव कुस्करून आणि बटाटा मोडून खायला लागल्या. तो बटाटा त्यांना मी वाढायचे. सबंध टोपातला तेवढा एक जिन्नस माझ्या ताब्यात आला होता. खरी ताकद रश्शात असते, असं एकदा मी त्यांना म्हटलंसुद्धा. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं. कान त्यांचे शाबूत होते.

गेल्या डिसेंबरात नणंद अमेरिकेहून आली, नवरा आणि दोन मुलांना घेऊन. पहिल्याच रविवारी तिनं आईच्या ताटात कालवलेला बटाटा बघितला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हातातला चाप खाली ठेवून ती मला म्हणाली, "वहिनी, माझ्या आईला तू बटाटा घालतेस?"

मी वडे तळत होते. झारा हातात तसाच राहिला. या घरात मी इतकी वर्षं काय खाल्लं, हे तिला कधी दिसलं नव्हतं, कारण मी जेवायला बसायचे तेव्हा ती हात धुऊन बाहेर गॅलरीत गेलेली असायची. मी नवऱ्याकडे बघितलं. तो रश्शात वडा बुडवत होता.

नणंदेनं लगेच तोडगाही काढला. तिकडे ती मीट लोफ करते. खिम्यात दुधात भिजवलेला पाव, अंडी, कांदा, मिरपूड घालायची, पावाच्या टिनमध्ये थापून ओव्हनमध्ये भाजायचा, वरून केचपचा थर. मऊ होतो, पण सुरीनं कापता येतो, आणि ताटात ठेवला की अख्खा तुकडा दिसतो. पुढच्या रविवारी रात्रीच्या जेवणाला आपण तोच करू, सोबत बटाट्याचा लगदा, म्हणाली. आपण म्हणजे मी. तिकडे तो कशाच्या मटणाचा करतात हे आईंसमोर बोलायचं नाही, असं तिनं मला डोळ्यांनीच बजावलं आणि रेसिपी फोनवर पाठवून दिली.

सासूबाईंना त्यातलं फारसं काही कळलं नाही. पुढच्या रविवारी आपल्या ताटात मटणाचा अख्खा तुकडा पडणार, एवढंच कळलं. त्या आठवड्यात त्या वाटीतली कवळी काढून घालून बघायला लागल्या. दुपारी मी शाळेतून आले की आरशासमोर तोंड हलवत बसलेल्या असायच्या. हिरडीला कुठे लागतं ते बोटानं चाचपायच्या, पुन्हा घालायच्या. एखाद्याला दया आली असती.

मला काय आलं, तेही सांगते. या पदार्थात नळी नाही, चाप नाही, मान नाही. जितकी माणसं तितके काप, सगळे सारखे, आणि करणार मी तर कापणारही मीच. पळीचं तिथे काही काम नाही. मी ठरवलं की त्या रविवारी मी सगळ्यांबरोबर टेबलाशी बसणार आणि माझा काप माझ्या हातानं माझ्या ताटात घेणार. पन्नाशी उलटलेल्या, कमावत्या बाईनं एका मटणाच्या कापासाठी जीव टाकावा, याचं कुणाला हसू येईल. मलाही येत होतं. पण रात्री डोळे मिटले की मला तो काप दिसायचा.

म्हणून मी आधी करून बघायचं ठरवलं. नणंद मधले दिवस मुलांना घेऊन तिच्या सासरी गेली होती. ओव्हन घरात होता, नणंदेनंच मागे घेऊन दिलेला. आम्ही त्यात पापड भाजायचो. टिन दिला शाळेतल्या मैत्रिणीनं, ती खोताच्या वाडीतली, नाताळचे केक करणारी. मंगळवारी खिमा आणला आणि नेहमीसारखा धुतला. आमच्यात मटण तीन पाण्यांतून काढल्याशिवाय टोपात जात नाही. कोमट पाणी, चिमूटभर हळद, चोळून, निथळून. खिमाही तसाच, चाळणीत. खाटकाच्या हातची वस्तू न धुता शिजवली असं म्हटलं, तर आमच्या बायका त्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाहीत. तो लोफ टिनमधून काढला आणि कोसळला. आम्ही तो पावाबरोबर खिमा म्हणून खाल्ला. नवऱ्यानं चांगला झालाय म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला सांगितलं, तर तिनं एकच विचारलं, धुतलास? धुतला की खिमा पाणी पितो, चरबी निघून जाते, मग तो एकमेकांना धरत नाही. मटण आधी अख्खं धुऊन, पुसून घे आणि मग कुटायला सांग, म्हणाली. शुक्रवारी मी खाटकापाशी उभी राहून तसं करून घेतलं, वर थोडी चरबी घालायला लावली. घरी आणल्यावर त्याला पाणी लावायचं नाही, हे मला फार जड गेलं. हात नळाकडे जात होते. पण लोफ उभा राहिला. सुरी त्यातून सरळ खाली गेली. घरात कुणी नव्हतं, सासूबाई झोपल्या होत्या. मी ओट्यापाशी उभ्या उभ्या एक काप खाल्ला, डाव्या बाजूनं, कारण उजवीकडची दाढ महिन्यापूर्वीच काढली होती. बाकीचा मैत्रिणीला नेऊन दिला. ओट्यापाशी उभी राहून खाल्लेला काप मी धरत नाही. माझा काप रविवारचा होता.

रविवारी सकाळी नणंद तिच्या नवऱ्याला आणि मुलांना घेऊन दादरला साड्या घ्यायला गेली. जाताना मला म्हणाली, वहिनी, आईसाठी एवढं एक नीट कर गं. मी खिमा आणला, पुन्हा समोर उभी राहून, तसाच धुतलेल्या मटणाचा, चरबी घालून. पातेल्यात काढून ओट्यावर झाकून ठेवला आणि आंघोळीला गेले.

केस पुसत बाहेर आले तर सिंकपाशी सासूबाई. वॉकर बाजूला लावलेला, पोट ओट्याला टेकलेलं, आणि दोन्ही हात पातेल्यात. नळ चालू होता. हळदीची डबी उघडी होती. ज्या हातांनी त्यांना चहाचा कप धड धरता येत नाही, त्याच हातांनी त्या खिमा असा चोळत होत्या की काय सांगावं.

आई, धुवू नका, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं असं नाही, पण मी पातेलं काढून घेतलं असतं. तेवढ्यात त्या बाहेर पेपर वाचत बसलेल्या त्यांच्या लेकाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मोठ्यानं म्हणाल्या, "खिमो धुवक नाय हिना. हिच्या आवशीन हिका कायएक शिकवूक नाय."

आणि माझा नवरा हसला. मोठ्यानं नाही, नुसता नाकातून. असू दे गं आई, म्हणाला.

माझी आई जाऊन बरीच वर्षं झाली. फुंकर घालून वाटी पुढे करणारा तिचा हात मला अजून दिसतो. तिनं मला काय शिकवलं आणि काय नाही, याचा हिशेब त्या घरात लागत होता, ज्या घरात मला एक तुकडा कुणी मीठ बघायला म्हणूनसुद्धा दिला नाही. माझ्या अंगाची आग झाली. मी तोंड मिटलं आणि दारातच उभी राहिले.

पहिलं पाणी लाल गेलं. दुसरं गुलाबी. त्यावर चरबीचे पांढरे ठिपके तरंगत होते, मी खाटकाकडून मागून घेतलेली चरबी, आणि ती सिंकच्या जाळीतून खाली जात होती. तिसरं पाणी जवळजवळ स्वच्छ निघालं. सासूबाईंना समाधान वाटलं असावं, कारण त्यांनी नळ बंद केला. आपण आपलाच तुकडा धुऊन टाकला हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. मला ते कळत होतं. माझाही काप त्याच पाण्याबरोबर चालला होता, तेही कळत होतं. त्या क्षणी मला काप नको होता.

मी आत गेले आणि म्हटलं, "आई, बसा तुम्ही. दमाल."

खिमा फडक्यात घालून पिळला असता, पावाचा चुरा जास्त घातला असता, तर थोडाफार सावरला असता. मी ते केलं नाही. नणंदेची रेसिपी फोनवर समोर उघडून ठेवली आणि तिच्यातलं एकही अक्षर मोडलं नाही. तिच्यात दूध होतं तेवढं दूध घातलं, अंडी होती तेवढीच अंडी. मटणात दूध बघून सासूबाई म्हणाल्या, अंगावर कोड उठेल. मी म्हटलं, तुमच्या लेकीनं सांगितलंय. खिमा टिनमध्ये थापताना माझ्या बोटांना पाणी लागत होतं. मी त्यावर केचपचा थर इतका गुळगुळीत दिला की आतलं काही दिसू नये.

संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. नवरा, नणंद, तिचा नवरा, दोन मुलं आणि सासूबाई. सहा खुर्च्या भरल्या. सासूबाईंनी लेकीनं आणलेली नवी साडी नेसली होती आणि कवळी घातली होती. त्यांचा चेहरा एकदम दहा वर्षांपूर्वीचा झाला होता, मला ओळखीचा. पळी त्यांच्यासमोर नव्हती. तिथे मी बटाट्याचा लगदा ठेवला होता.

लोफ ताटात उपडा केला तेव्हा क्षणभर तो उभा होता. नणंदेनं फोन काढून त्याचा फोटोही घेतला. मग मी सुरी लावली. पहिला काप निघालाच नाही, त्याचा ढीग झाला. दुसरीकडून लावली, तर सगळा लोफ बसला, जसं पावसात भिजलेलं वारूळ बसतं, आणि त्याच्याखालून गढूळ पाणी सुटून ताटाच्या काठाला आलं. नणंदेच्या धाकट्यानं ते बघून इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि थोरला हसला. नणंदेचा नवरा म्हणाला, चव महत्त्वाची. माझ्या नवऱ्यानं बिर्याणी मागवू या का म्हणून विचारलं.

नणंद मात्र माझ्याकडेच बघत होती. एवढी सोपी रेसिपी, म्हणाली, माझी मुलंसुद्धा करतात. आईला एक घास नीट मिळावा एवढंच मागितलं होतं मी. तिचा आवाज भरून आला होता, आणि तो खोटा नव्हता. तिचं आईवर प्रेम आहे. नळ्या खाऊन वाढलेल्या मुलीचं आईवर प्रेम असणारच.

लोफचं एक टोक तेवढं वाचलं होतं. टिनच्या कडेला चिकटून ते जास्त भाजलं गेलं होतं आणि वर केचप करपून घट्ट बसला होता. मी कालथा घालून ते उचललं तर अख्खं आलं. चांगला जाड, चौकोनी काप. सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. "तो आईला दे," नणंद म्हणाली.

सासूबाईंनी ताट दोन्ही हातांनी पुढे केलं. त्या माझ्याकडे बघून हसल्या, कवळीचे सगळे दात दाखवून. इतक्या वर्षांत मला बघून त्या हसल्याचं आठवत नाही.

मी कालथा खाली ठेवला. चमच्यानं त्यांच्या ताटात तो ओला चुरा वाढला, त्यावर बटाट्याचा लगदा, भरपूर. मग स्वयंपाकघरात गेले, स्टूल आणलं आणि सासूबाई आणि नणंद यांच्या मधल्या कोपऱ्यात घुसवून बसले. ताट घेतलं. तो काप माझ्या ताटात ठेवला.

थोरल्या मुलाचा काटा ताटावर वाजला तेवढाच आवाज.

"खिमा मी धुतला नव्हता," मी म्हटलं. "आईंनी धुतला. धुतला की तो धरत नाही."

नणंदेनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. तुला माहीत होतं तर थांबवलं का नाहीस, असं तिनं विचारलं. मी माझ्या नवऱ्याकडे बघत होते. "मला कुठे काय कळतं," मी त्याला म्हटलं. "माझ्या आईनं मला काही शिकवलंच नाही." त्याची मान खाली गेली. त्यानं चमच्यानं बटाटा चिवडायला सुरुवात केली आणि त्या रात्री त्यानं पुन्हा वर बघितलं नाही.

मी कापाचा तुकडा मोडला आणि तोंडात घातला. बाहेरून कडक होता, आत मऊ, थोडा करपट. गार होत चालला होता. मी सगळ्यांदेखत खात होते, टेबलाशी बसून, आणि मला लाज वाटली नाही. सुख झालं का? झालं. जे झालं ते सांगते आहे. छातीत इतका जोरात आनंद झाला की घास गिळताना ठसका लागला.

सासूबाईंनी ताटातला बटाटा थोडा खाल्ला. मग जावयासमोर, नातवंडांसमोर, तोंडात बोट घालून त्यांनी कवळी काढली आणि पाण्याच्या वाटीत टाकली. तोंड एकदम आत गेलं. नणंद रडायला लागली आणि उठून आतल्या खोलीत गेली, तिच्यामागे तिचा नवरा. मुलं फोन घेऊन सोफ्यावर गेली. टेबलाशी आम्ही तिघं उरलो, आणि नवरा असून नसल्यासारखाच होता.

मला वाटलं होतं त्या शिव्या घालतील. मालवणीत शिव्यांना तोटा नाही आणि त्यांना सगळ्या येतात. मी तयार होते. त्या माझ्या बाजूला कलल्या, इतक्या की त्यांचा खांदा माझ्या दंडाला लागला, आणि अगदी हळू, एखादी बाई आपल्याच घरच्या बाईशी बोलते तशा बोलल्या.

"माजी सासू आंधळी झाली, तेवा मिया पयली नळी खाल्लंय," त्या म्हणाल्या. "तिच्याच ताटातली." मग माझ्या ताटाकडे बघून त्यांनी विचारलं, "बरो लागता ना तुकडो?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. घास जिभेनं डाव्या बाजूला सरकवला, उजवीकडच्या खड्ड्यात जाऊ नये म्हणून जपून, आणि चावत राहिले. बरा लागत होता.